विंध्याचे वय आणि आदिजीवांचा पुरावा

सह्याद्रीचा घाट असो, पुण्या-नगरकडचा माळ असो किंवा वऱ्हाडातील काळी असो, महाराष्ट्रात वावरणाऱ्या माणसाच्या पायाखाली बहुतेक ठिकाणी एकच काळा कातळ असतो. आणि तो कातळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडून थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा असल्यामुळे, पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या आद्य इतिहासाचा दाखला त्याच्यापाशी मागण्यात अर्थ नसतो. नर्मदा ओलांडून भोपाळच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर, किंवा तेथून पूर्वेस सतना, रीवा, सीधी आणि चित्रकूट या मुलखात गेले म्हणजे मात्र दगडाची जात पालटते. तांबूस-पिवळसर वालुकाश्म आणि राखी चुनखडक यांचे आडवे थर तेथे कड्याकड्यांतून उघडे पडलेले दिसतात. सांचीच्या स्तूपांना लागलेला दगड या मुलखातील आहे, सतना-मैहरच्या सिमेंट कारखान्यांना लागणारी चुनखडीही याच थरांतील आहे. हे थर एका उथळ समुद्राच्या तळाशी गाळ साचून तयार झाले. त्या समुद्राच्या लाटांनी वाळूवर उठविलेल्या वळ्या आजही फरशीच्या पृष्ठावर बोटाने चाचपता येतात.

या विंध्य थरांनी पुराजीवशास्त्राच्या क्षेत्रात गेल्या पाव शतकात एकदा नव्हे तर तीनदा जगभर खळबळ उडविली, आणि तिन्ही वेळा वादाचा विषय एकच होता : पृथ्वीवर प्राणी प्रथम केव्हा अवतरले, आणि त्याचा पुरावा या दगडांत आहे की नाही. तिन्ही दावे मूळ स्वरूपात टिकले नाहीत. तरीही, किंबहुना म्हणूनच, हा सारा वृत्तान्त सामान्य वाचकासमोर सविस्तर यावा असे मला मनापासून वाटते. खडकातील एखादी खूण आणि त्या खडकाचे वय हे दोन पुरावे स्वतंत्रपणे सिद्ध व्हावे लागतात, आणि त्यांपैकी एकाच्या भरवशावर दुसरा गृहीत धरला म्हणजे विद्वानांचीही वाट कशी चुकते, हे विंध्याच्या प्रकरणाइतके स्वच्छ अन्यत्र क्वचितच दिसेल.

मूळ प्रश्न जुना आहे. १८५९ साली आपला उत्क्रांतिविषयक ग्रंथ प्रसिद्ध करताना चार्ल्स डार्विनला जी अडचण सर्वांत अधिक बोचत होती ती अशी की, ज्या थरांना आज आपण कँब्रियन म्हणतो, त्यांच्यात कवचधारी व सांधेदार अवयवांचे प्राणी एकाएकी आणि विपुल संख्येने दिसू लागतात, पण त्यांच्या खालच्या, म्हणजे त्यांहून प्राचीन, थरांत त्यांच्या पूर्वजांचा मागमूस लागत नाही. जीवसृष्टी जर क्रमाक्रमाने विकसित झाली असेल, तर त्या पूर्वजांनी तेथे असावयास हवे होते. आपल्यापाशी या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर नाही, हे डार्विनने आपल्या ग्रंथातच मोकळेपणाने मान्य केले. कँब्रियन कालखंडाचा आरंभ आज सुमारे ५३ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वी मानतात, आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. म्हणजे डार्विनच्या दृष्टीने पृथ्वीच्या इतिहासाचे फार मोठे दप्तर कोरेच होते.

त्यातील एक महत्त्वाचे पान १९४६ साली उलगडले. रेजिनाल्ड स्प्रिग हा दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकारच्या सेवेतील तरुण भूगर्भशास्त्रज्ञ, फ्लिंडर्स पर्वतरांगांजवळील एडिआकारा टेकड्यांत, बंद पडलेल्या जुन्या खाणी पुन्हा चालविता येतील किंवा नाही याच्या पाहणीसाठी गेला असता, त्याला वालुकाश्माच्या फरशांवर मऊ अंगाच्या प्राण्यांचे वाटावेत असे वर्तुळाकार व लांबट ठसे आढळले. त्याने ते प्रसिद्ध केले, १९४८ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेतही मांडले, परंतु फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या चार्नवुड अरण्यात १९५७ साली रॉजर मेसन या शाळकरी मुलाला पिसासारख्या आकृतीचा एक ठसा सापडला. तो खडक कँब्रियनपूर्व आहे याविषयी कोणाच्याच मनात संशय नव्हता, आणि त्यामुळे अशा जीवांचे प्राचीनत्व नाकारणे अशक्य झाले. तोच ठसा आदल्या वर्षी एका शाळकरी मुलीने पाहिला होता, पण इतक्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाहीत असे सांगून तिच्या शिक्षकांनी तिची बोळवण केली होती, ही हकीकत वाचताना आजही मन हळहळते. ग्रंथात लिहिलेले डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा मोठे मानण्याची ही खोड काही त्या एका शाळेपुरती नाही.

या शोधमालिकेत एका भारतीय विद्यार्थ्याचाही मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे तो पुरेसा परिचित नाही याचे मला वाईट वाटते. उत्तर प्रदेशातील एका खेड्यातून उच्च शिक्षणासाठी कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे गेलेले शिवबालक मिश्र १९६७ साली तेथील मिस्टेकन पॉइंट नावाच्या वादळी किनाऱ्याचा भूवैज्ञानिक नकाशा तयार करीत होते. समुद्राकडे उतरत्या खडकाच्या विस्तीर्ण पाठीवर त्यांना शेकडो ठसे एकत्र दिसले : पर्णाकृती, तर्कूसारखे, झुडपासारखे शाखायुक्त. प्राचीन काळी ज्वालामुखीची राख समुद्रतळावर पडली, तिच्याखाली ते सर्व जीव होते त्या जागी गाडले गेले, आणि सुमारे ५६ कोटी ५० लक्ष वर्षांनी एका भारतीय तरुणाच्या दृष्टीस पडले. त्यांतील तर्कूसारख्या जीवाला पुढे मिश्रांचे नाव देण्यात आले आणि २०१६ साली युनेस्कोने तो किनारा जागतिक वारशाच्या यादीत घातला. मिश्र मात्र मायदेशी परतले आणि आपल्या भागातील मुलांसाठी त्यांनी शाळा काढली.

एडिआकारन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जीवांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे डिकिन्सोनिया. अंडाकृती, चपटे शरीर, आणि केळीच्या पानाच्या मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना शिरा निघाव्यात तशा, मध्यरेषेपासून कडेपर्यंत गेलेल्या एकसारख्या वळ्या, असे त्याचे रूप असते. काही नमुने नखाएवढे, तर काही हातभर लांबीचे आहेत. तोंड नाही, डोळे नाहीत, अवयव नाहीत. तो प्राणी होता, दगडफूल होते की एखादा प्रचंड एकपेशीय जीव होता, यावर सत्तर वर्षे वाद चालला. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी रशियाच्या श्वेतसमुद्राकाठच्या ५५ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीच्या नमुन्यांवरील सेंद्रिय पापुद्रा तपासला, तेव्हा त्यात कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या संयुगांचे प्रमाण विलक्षण आढळले. असे कोलेस्टेरॉल मुबलक प्रमाणात तयार करणे हे प्राण्यांचे लक्षण आहे, आणि त्यामुळे डिकिन्सोनियाला प्राणिसृष्टीत स्थान देण्याकडे आता बहुतेकांचा कल आहे. ज्यांच्याविषयी खात्रीने बोलता येते असे आद्य प्राणी आपल्याला येथपर्यंत, म्हणजे सुमारे ५७ कोटी वर्षांपर्यंत मागे नेतात.

आता विंध्याकडे वळू. १९९८ साली जर्मनीचे अडॉल्फ सायलाखर, कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठाचे प्रदीप बोस आणि फ्रीडरिश फ्ल्यूगर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे जाहीर केले की, मध्य प्रदेशातील सीधी जिल्ह्यातील चोरहट वालुकाश्मात त्यांना काही मिलिमीटर रुंदीच्या नागमोडी वळ्या आढळल्या असून, समुद्रतळावरील सूक्ष्मजीवांच्या चिकट थराखाली वाट पोखरीत जाणाऱ्या कृमिसदृश प्राण्यांनी त्या उमटविल्या असाव्यात. त्या थराचे वय त्या वेळी सुमारे ११० कोटी वर्षे समजले जाई. म्हणजे प्राण्यांचा इतिहास एका झटक्यात दुप्पट लांबला. सायलाखर हे प्राण्यांच्या पाऊलखुणांचे व बिळांचे जगातील अग्रगण्य जाणकार होते, त्यामुळे हा दावा झटकून टाकण्याजोगा नव्हता.

योगायोग असा की, त्याच वर्षी देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील रफत जमाल आझमी यांनी त्याच विंध्याच्या खालच्या थरांतून, चोरहटच्याही वर असलेल्या चुनखडकातून, सूक्ष्म नळ्यांच्या व कवचांच्या आकाराचे जीवाश्म प्रसिद्ध केले, आणि ते कँब्रियन प्रकारचे असल्याने हा खडकच मुळी ५४ कोटी वर्षांच्या आसपासचा आहे असे प्रतिपादन केले. एकाच डोंगराविषयी एकाच वर्षी एक पक्ष म्हणत होता की येथे ११० कोटी वर्षांपूर्वी प्राणी होते, आणि दुसऱ्याच्या निष्कर्षाप्रमाणे त्या काळी हा डोंगर समुद्राच्या तळाशी साचूही लागला नव्हता. दोन्ही खरे असणे शक्य नव्हते. आझमींच्या वाट्याला तर याहून कठोर वागणूक आली. हिमालयातील जीवाश्मांविषयीच्या खोट्या नोंदींचे एक लज्जास्पद प्रकरण १९८९ साली उघडकीस आले होते. त्याची आठवण ताजी असल्यामुळे अनेकांनी आझमींच्या नमुन्यांच्या खरेपणाविषयीच शंका घेतली, आणि त्या शंकेचे ओझे त्यांना कैक वर्षे वाहावे लागले.

या तंट्याचा निवाडा करावयाचा तर प्रथम खडकाचे वय निर्विवादपणे ठरणे अवश्य होते, आणि ते काम झिरकॉन नावाच्या खनिजाने केले. ज्वालामुखीतून उडालेल्या राखेत या खनिजाचे, वाळूच्या कणाहूनही बारीक असे, स्फटिक असतात. ते घडताना आपल्या रचनेत युरेनियमच्या अणूंना जागा देतात, शिशाला मात्र सहसा देत नाहीत. पुढे युरेनियमचे ठरावीक गतीने शिशात रूपांतर होत राहते, इतक्या संथपणे की त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा साठा संपण्यास ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणून आज त्या स्फटिकात दोहोंचे प्रमाण मोजले की राख कधी पडली ते कळते. येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. वालुकाश्मातील झिरकॉन हे दुसऱ्या, अधिक जुन्या डोंगरांतून झिजून वाहत आलेले असतात, त्यामुळे त्यांवरून त्या वालुकाश्माच्या वयाची केवळ वरची मर्यादा समजते. खरी तारीख हवी असेल तर थरांच्या मधोमध पडलेला राखेचाच पापुद्रा शोधावा लागतो. विंध्याच्या खालच्या थरांत असे राखेचे कठीण, चिनी मातीसारखे घट्ट झालेले पट्टे आहेत. २००२ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी त्यांतील झिरकॉन मोजले आणि दोघांचेही उत्तर जुळले : सुमारे १६० कोटी वर्षे.

या एका आकड्याने दोन्ही पक्षांची पंचाईत झाली. चोरहटच्या वळ्या जर प्राण्यांच्या असतील, तर जगातील अन्य कोणत्याही प्राण्याच्या खुणेपूर्वी तब्बल १०० कोटी वर्षे त्या प्राण्यांनी येथे संसार केला, आणि मध्यंतरी कोठेही मागे काही ठेवले नाही, असे मानणे प्राप्त होते. बहुतेकांना ते पटत नाही, आणि सूक्ष्मजीवांचा थर सुकताना, आकसताना पडलेल्या भेगांसारख्या एखाद्या निर्जीव कारणाकडे ते बोट दाखवितात. आणि आझमींचे कँब्रियन जीवाश्म तर आता तीन पट जुन्या खडकात येऊन पडले होते.

तेव्हा स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील स्टेफान बेंगटसन यांनी मला फार मोलाची वाटणारी गोष्ट केली. ऐकीव संशयावर विसंबून न राहता त्यांच्या गटाने विंध्याच्या उत्तर पायथ्याशी, चित्रकूटच्या परिसरात, स्वतः नव्याने नमुने गोळा केले. २००९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा : जीवाश्म खरे आहेत, आझमींनी वर्णिलेल्या नळ्या तेथे खरोखर आहेत, परंतु ज्या फॉस्फेटयुक्त खडकात त्या आहेत त्याच खडकाचे वय प्रत्यक्ष मोजता ते सुमारे १६५ कोटी वर्षे भरते. प्राण्यांच्या भ्रूणांसारखे दिसणारे जे गोलक तेथे आढळले होते, ते जीवाश्मच नसून सूक्ष्मजीवांच्या बुळबुळीत थरात अडकलेले वायूचे बुडबुडे होते. आझमींचे निरीक्षण निखळ होते आणि त्याचा लावलेला अर्थ चुकला होता, हा भेद इतक्या उशिरा का होईना स्पष्ट झाला.

मग त्या नळ्या होत्या तरी कशाच्या? नमुना न फोडता त्याच्या आतील रचना क्ष-किरणांनी त्रिमितीत पाहण्याची सोय स्वित्झर्लंडमधील एका मोठ्या यंत्रशाळेत आहे. तेथे घेतलेल्या चित्रांत दोन निरनिराळे जीव ओळखता आले. पहिला तंतुरूप, एकामागून एक पेशी मांडून झालेला. आणि त्यातील पेशीपेशीच्या मध्यभागी एक लहानशी चपटी चकती, जी प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या लवकाचा भाग असावी असे संशोधकांना वाटते. दुसरा मांसल, लोंबत्या पाळ्यांचा, ज्यातील पेशींच्या ओळी कारंज्याप्रमाणे वर जाऊन फाकतात. २०१७ साली या दोहोंना तांबड्या शैवालाचे प्राचीनतम नमुने म्हणून जाहीर करण्यात आले. तोवर मान्य असलेल्या सर्वांत जुन्या तांबड्या शैवालाहून ते निदान ४० कोटी वर्षांनी जुने आहेत. काही अभ्यासक त्यांना शैवाल म्हणण्याबाबत अजून सावध आहेत, परंतु केंद्रकयुक्त पेशींचे बहुपेशीय सजीव म्हणून त्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. पहिल्याचे नाव रफतआझमिया चित्रकूटेन्सिस; दुसऱ्याचे नाव, चित्रकूटातील रामाच्या वनवासाला अनुसरून, रामाथॅलस. ज्या संशोधकाच्या प्रामाणिकपणावर एके काळी शंका घेतली गेली, त्याचे नाव आता त्याच दगडातील जीवाला कायमचे मिळाले आहे. हे वाचून मला जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

विंध्याचा वरचा भाग, म्हणजे भोपाळजवळ भीमबेटकाच्या गुहा ज्यात आहेत तो वालुकाश्म, याहून अलीकडचा. पण तो किती अलीकडचा, यावरही मतभेद होते. येथे छत्रसाल-बाजीरावांच्या इतिहासामुळे मराठी वाचकाला परिचित असलेले पन्ना मदतीस येते. तेथील मझगवाँची हिऱ्यांची खाण ज्या ज्वालामुखी-नळीत आहे ती नळी विंध्याच्या कैमूर वालुकाश्माला भेदून वर आली असून तिचे वय सुमारे १०७ कोटी वर्षे मोजले गेले आहे. अर्थात भेदला गेलेला वालुकाश्म त्याहून जुना असलाच पाहिजे. या व इतर मोजमापांवरून फ्लॉरिडा विद्यापीठातील जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी असे मानीत की विंध्याचा सारा गाळ सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच साचून संपला होता.

अशा स्थितीत २०२० च्या मार्चमध्ये ऑरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांचे सहकारी भीमबेटकास गेले. दिल्लीची आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद महामारीमुळे लांबणीवर पडली होती, तरी मंडळी भारतात आली होती. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली उजेडात आणलेल्या आणि ज्यांतील आदिमानवाची चित्रे पाहण्यास हजारो लोक येतात, अशा त्या गुहांपैकी सभामंडपासारख्या एका विशाल गुहेत, जमिनीपासून सुमारे ११ फूट उंचीवर, छताजवळच्या भिंतीवर त्यांना एक फिकट, पर्णाकृती, वळीदार आकृती दिसली. मध्यरेषा, दोन्ही बाजूंच्या वळ्या, अंडाकृती कड : हुबेहूब डिकिन्सोनिया. नमुना काढून घेणे जागतिक वारसास्थळी शक्य नव्हते. छायाचित्रांवरून वर्णन करून त्यांनी तो प्रसिद्ध केला, आणि त्या ठशाच्या आधारे वरच्या विंध्याचे वय सुमारे ५५ कोटी वर्षे ठरविले. भारतातील पहिला डिकिन्सोनिया म्हणून वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गौरव केला.

मीर्ट यांना हे वय पटणे शक्य नव्हते. त्यांचे पथक २०२२ च्या डिसेंबरात गुहेत गेले, तेव्हा त्या आकृतीचा काही भाग भिंतीवरून सुटून लोंबू लागला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगडात उमटलेला ठसा पावणेतीन वर्षांत सोलून निघत नाही. जवळ पाहता आत षट्कोनी कोठड्यांची रचना दिसली, आणि आसपासच्या कड्यांवर तशीच जिवंत पोळी लटकत होती. ते आग्यामोहोळाचे जुने, झडून गेलेले पोळे होते. मीर्ट यांनी हे २०२३ साली प्रसिद्ध करताच रिटॅलॅक यांनी आपली चूक विनाविलंब व जाहीरपणे मान्य केली, ही गोष्ट त्यांच्या आधीच्या घाईइतकीच ठळकपणे नोंदली जावी. आकृती ओळखीची वाटली, म्हणून तिच्यावरून खडकाचे वय ठरले; वयाचा जो स्वतंत्र पुरावा हाताशी होता त्याला विचारावयाचे राहून गेले. आझमींच्या बाबतीत नेमके हेच घडले होते, फक्त तेथे जीवाश्म तरी अस्सल होता.

भीमबेटकाचे पोळे गळून पडल्यावर विंध्याचा हिशोब पुन्हा जुळला आहे. त्याचे खालचे थर १६० कोटींचे, वरचे १०० कोटींच्या आसपासचे, आणि त्यांत बहुपेशीय शैवाले आहेत, प्राणी नाहीत. गुंतागुंतीच्या पेशी, त्यांची एकत्र बांधणी, प्रकाशावर जगणारी शरीरे हे सारे विंध्यसमुद्रात सिद्ध झालेले असताना प्राण्यांनी आणखी १०० कोटी वर्षे का घेतली, हा प्रश्न आता चित्रकूटच्या जीवाश्मांनी अधिकच टोकदार केला आहे. समुद्रातील प्राणवायू हालचाल करणाऱ्या शरीरांना पुरेसा नव्हता, हे एक कारण अनेकजण देतात. पण शैवालांना जे साधले ते प्राण्यांना साधण्यास इतका विलंब लागावा, याचे पूर्ण उत्तर त्यात सापडते असे मला वाटत नाही.

भारतातील आद्य प्राण्यांचा शोध करणाऱ्याने म्हणून विंध्य सोडून पश्चिमेकडे वळावे हे उत्तम. जोधपूरच्या मेहरानगडाच्या पायथ्याशी सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या मालाणी ज्वालामुखी खडकावर जोधपूर वालुकाश्म टेकलेला उघड दिसतो, आणि ती सीमारेषा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखलेली आहे. म्हणजे वयाची एक मर्यादा तेथे आधीच निश्चित आहे. वालुकाश्म तिच्यानंतरचाच, आणि एडिआकारन काळ त्या मर्यादेच्या आत सहज बसतो. गावालगतच्या सूरसागरच्या खाणींतून त्या काळच्या खुणांचे वृत्त भूगर्भशास्त्रज्ञांनी दिलेले आहे. तेथील कारागीर छिन्नी मारून दगड थराच्या रेषेतच उकलतात, आणि असे ठसे उमटलेले असतात तेही नेमके त्याच पृष्ठावर.